औद्योगिक प्रशिक्षणार्थी, त्याचे घर आणि वाचन
(मुंबई उपनगरांच्या संदर्भात काही विचार)

‘वाचनाची आवड’ हा शब्दप्रयोग आपल्या शिक्षणविषयक लेखनात इतक्या सैलपणे वापरला जातो की, ती आवड कोणास नाही हे ठरविताना आपल्या हातून पुष्कळदा अन्याय घडतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी, कातारी, वीजतंत्री किंवा संधाता ह्यांपैकी एखादा व्यवसाय शिकणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ‘वाचत नाही’ असे त्याचे निदेशक सांगतात, त्याचे पालक सांगतात आणि कालांतराने तोही स्वतःविषयी तसेच सांगू लागतो. ह्या विधानाची थोडी छाननी करावी, आणि पालकांचा सहभाग आज ज्या स्वरूपात मागितला जातो त्याहून निराळ्या स्वरूपात तो मागावयास हवा असे सुचवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाचे क्षेत्र मुख्यतः मुंबईची उपनगरे, म्हणजे पश्चिमेस अंधेरी ते बोरिवली व पूर्वेस घाटकोपर ते मुलुंड, एवढे मर्यादित ठेवले आहे.

ही उपनगरे निवडण्यास कारण आहे. घाटकोपरपासून विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप ओलांडून मुलुंडपर्यंत जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजेच आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, हा एके काळी कारखान्यांचा रस्ता होता. अंधेरीस मरोळची औद्योगिक वसाहत उभी राहिली. ह्या कारखान्यांना लागणारा कुशल कारागीर तयार करावा, हा १९५० साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेचा हेतू होता. मुलुंड व बोरिवली येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आज त्याच योजनेखाली चालतात. मात्र रस्त्याचे रूप पालटले. गेल्या काही दशकांत त्यावरील अनेक कारखाने बंद पडले वा अन्यत्र गेले, आणि त्यांच्या जागी मॉल व निवासी मनोरे आले. परिणामी ज्याच्या वडिलांनी यंत्रावर हात चालविला, पण आज जे रिक्षा चालवितात किंवा एखाद्या इमारतीच्या दाराशी पहारा करतात, असा प्रशिक्षणार्थी ह्या भागात सहज आढळतो. वडिलांचे व्यवसायज्ञान घरात असते. पण त्यास विचारणारा कोणी उरलेला नसतो. पुढील विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

प्रथम, वाचन तुटते कोठे ते पाहू. बहुसंख्य मुले दहावीनंतर ह्या संस्थांत येतात. त्यांतील अनेकांना मिळालेले गुण घरच्यांच्या अपेक्षेहून कमी असतात, आणि त्या दिवसापासून घरात मुलांची एक अलिखित वाटणी होते: एक पुस्तकाचे मूल आणि एक हाताचे मूल. “ह्याचं डोकं पुस्तकात नाही, हातात आहे,” असे आई शेजारणीस सांगते तेव्हा तिच्या बोलण्यात माया असते, क्वचित अभिमानही असतो. परंतु ऐकणाऱ्या मुलापुरता तो निकालच होय. त्याच्या लेखी पुस्तक ही एक हरलेली लढाई ठरते. संस्थेतही तिची आठवण पुसली जाईल असे फारसे काही घडत नाही. दिवसाचा मोठा भाग कार्यशाळेत जातो, आणि सैद्धांतिक परीक्षा दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या पद्धतीची असल्याने मूळ पाठ्यपुस्तक बाजूस सारून प्रश्नसंच घोकण्याकडे कल होतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सलग दहा पृष्ठे वाचण्याचा प्रसंग आलाच नाही, असेही होऊ शकते.

तरीही तो वाचत नाही हे म्हणणे खरे नाही. तो रेखाचित्र वाचतो, त्यावरील मापे व सहनमर्यादा वाचतो, व्हर्नियरची खूण वाचतो, मोटारीच्या पाटीवरील आकडे वाचतो. अमेरिकेतील टॉमस स्टिश्ट ह्या संशोधकाने १९७० च्या दशकात सैनिकांच्या कामाचा अभ्यास करताना ‘करण्यासाठी वाचन’ आणि ‘शिकण्यासाठी वाचन’ असा भेद केला. पहिल्यात वाचक मजकुरातून हवे तेवढे उचलतो, कामास लावतो आणि सोडून देतो. दुसऱ्यात तो ते मनात साठवितो, जुन्याशी जोडतो. आपला प्रशिक्षणार्थी पहिल्या प्रकारात बऱ्यापैकी तरबेज होतो. दुसऱ्याकडे जाणारा रस्ता मात्र त्यास कोणी दाखवीत नाही. कारण आपण, म्हणजे विद्यापीठांतील मंडळी, वाचन म्हटले की कथा-कादंबरीच डोळ्यांपुढे आणतो, आणि तिच्याशी संबंध नसलेल्यास एकदम अवाचक ठरवून मोकळे होतो.

येथे एका आंतरराष्ट्रीय पाहणीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. २००० सालच्या ‘पिसा’ चाचणीत पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या वाचनाचा विचार झाला व त्यावरील स्वतंत्र अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पालकांचा व्यवसाय सामाजिक श्रेणीत सर्वांत खालचा, पण ज्यांचे स्वतःचे वाचनात मन रमते, अशा मुलांचे सरासरी गुण ५४० भरले. उलट वरच्या श्रेणीच्या घरांतील, परंतु वाचनाविषयी उदासीन अशा मुलांचे ४९१. ह्या पाहणीत वृत्तपत्रे, मासिके, चित्रकथा ह्यांचे वाचनही वाचनच मानले होते. आकडे परदेशातील आहेत, भारत त्या चाचणीत नव्हता, आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. तथापि ‘गरीब घरातला मुलगा, तो काय वाचणार’ ह्या आपल्या सोयीस्कर समजुतीला त्यामुळे धक्का बसतो, एवढे खरे.

आता पालकांकडे वळू. त्यांच्या सहभागासंबंधी आपण जे उपदेश करतो, ते बहुतेक मध्यमवर्गीय घरांच्या अनुभवावरून घेतलेले असतात. घरात पुस्तकांचा कोपरा असावा. आईवडिलांनी वाचताना मुलास दिसावे. निजण्यापूर्वी गोष्ट वाचून दाखवावी. भांडुपच्या टेकडीवरील किंवा असल्फ्याच्या वस्तीतील दहा बाय दहाच्या खोलीत कोपरा म्हणजे काय, ते सांगणाऱ्यास ठाऊक नसते. संस्थेची पालकसभा पुष्कळदा कामाच्या दिवशी भरते. तीस येण्यासाठी पालकास दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते, आणि तेथे त्यास ऐकावयास मिळते ते मुलाच्या गैरहजेरीचे गाऱ्हाणे. अशा सभेस तो दुसऱ्यांदा आला नाही, तर तो उदासीन आहे असे अनुमान आपण काढू नये.

जागेची टंचाई हा अडसर नाही, असे म्हणावयाचे नाही. परंतु तिच्यावर मात करणारे पालक ह्याच शहरात होऊन गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी ह्यांनी परळच्या चाळीत मुलाच्या वाचनापायी काय केले, ते चरित्रग्रंथांतून सर्वांस परिचित आहे. मुलाने मागितलेल्या पुस्तकासाठी हाती पैसे नसले, तर ते विवाहित मुलीचा दागिना मागून गहाण ठेवीत. आणि खोलीत वर्दळ असते म्हणून मुलास लवकर निजवून, मध्यरात्रीनंतर अभ्यासास उठवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सुभेदार मात्र स्वतः साक्षर होते, लष्करी शाळेत शिक्षक होते. ज्या पालकास अक्षरओळखच नाही किंवा जेमतेम आहे, त्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर आपल्या परंपरेत आहे, आणि ते आजवर शिक्षणशास्त्राच्या नजरेतून सुटले आहे असे आम्हांस वाटते. कोकणातून व घाटावरून मुंबईस आलेल्या कामकरी कुटुंबांत श्रावणात पोथी लावण्याची चाल होती. काही घरांत ती अजून आहे. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’ किंवा ‘शिवलीलामृत’ पाटावर मांडावयाचे, घरातील ज्यास वाचता येते त्याने ते सुरावर वाचावयाचे, आणि बाकीच्यांनी ऐकावयाचे. वाचणारा पुष्कळदा शाळकरी मुलगा असे. ऐकणारी आजी निरक्षर. पण कथा आजीस तोंडपाठ, म्हणून मुलाचा उच्चार चुकला की तीच त्यास अडवी, आणि अवघड ओवीचा अर्थ सांगणाराही एखादा म्हातारा शेतकरीच असे. ह्या रचनेत वाचणे मुलाकडे, जाणणे वडिलधाऱ्यांकडे अशी कामाची वाटणी होती. कोणाचाही मान कमी होत नव्हता. निरक्षर माणूस येथे वाचनव्यवहाराच्या बाहेर नव्हता. तो त्याचा परीक्षक होता.

मोठ्याने वाचण्याचा व हातच्या कामाचा मेळ इतरत्रही बसलेला दिसतो. क्यूबातील हवाना शहरी १८६५ पासून चिरूट वळणाऱ्या कारागिरांपुढे कारखान्यातच वाचक बसविण्याची प्रथा पडली. तो वृत्तपत्रे वाची, कादंबऱ्या वाची, आणि त्याचे वेतन कारागीर आपसांत वर्गणी काढून देत.

हीच वाटणी व्यवसायशिक्षणाच्या क्षेत्रात आणता येईल काय? आमच्या मते येईल, आणि तिचा आरंभ गोष्टीच्या पुस्तकापासून न करता घराच्या गरजेच्या कागदापासून करावा. असा एक कागद प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या वाट्यास येण्याचा संभव असतो. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये मालक व उमेदवार ह्यांच्यात करार होतो, आणि उमेदवार अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पालक सही करतो. ह्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. म्हणजे कामगारविषयक कायद्यांचे सर्वसाधारण संरक्षण त्यास लागू होत नाही. प्रशिक्षणानंतर त्याच मालकाकडे नोकरी करण्याची अट करारात असेल, तर उमेदवारास ती पाळावी लागते आणि मालकासही योग्य काम देऊ करावे लागते. अट नसेल तर गोष्ट वेगळी. ती आहे की नाही, हे वाचल्यावाचून कळणार कसे? आज हा कागद घाईने पुढे सरकविला जातो, आणि पालक बोट दाखवील तेथे सही करून मोकळा होतो. तोच कागद आठवडाभर आधी घरी पाठविला, मुलाने तो आईवडिलांपुढे मोठ्याने वाचला, आणि ज्या वाक्याचा अर्थ लागला नाही त्याखाली रेघ ओढून तो निदेशकांकडे परत आणला, तर वाचन म्हणजे परीक्षेचा भाग हे समीकरण त्या घरापुरते मोडेल. कारखान्यात दहा वर्षे काढलेला बाप अशा वेळी गप्प बसणार नाही. “सुट्टीचं काय लिहिलंय ते परत वाच,” असे तोच म्हणेल.

दुसरी पायरी व्यवसायाच्या माहितीची. संधातकामातील ठिणगीपासून डोळ्यांचे रक्षण कसे करावे हे मुलाने पुस्तकातून वाचावे, आणि ज्या शेजाऱ्याने वा काकाने हे काम केले आहे त्याने पुस्तकात काय राहून गेले ते सांगावे. सांगितलेले मुलाने टिपून ठेवावे. वाचलेल्या मजकुराशी भांडण्याची सवय लागली म्हणजे वाचनाची आवड दूर नाही.

पण कामाच्या वाचनातून माणूस साहित्याकडे कधी वळतो काय, ही शंका रास्त आहे. तिचे समाधान करणारे एक उदाहरण ह्याच शहराशी जोडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत; परदेशी यंत्रविषयक मासिके व ग्रंथ वाचून त्यांनी आपले ज्ञान वाढविले. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. नांगर व चरक करणाऱ्या ह्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे पत्रक निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली कारखान्याची खबर देता देता ते मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले, आणि त्याच्या पोटी १९३० साली ‘स्त्री’ व पुढे ‘मनोहर’ ही मासिके जन्मास आली. एका वाचकवर्गाची वाढ येथे नांगराच्या फाळापासून कथेपर्यंत झाली. प्रशिक्षण संस्थांनी भिंतीवर लावावयाचे का होईना, पण आपापल्या कार्यशाळेचे पत्रक काढावे आणि त्याची प्रत घरी पाठवावी. त्यातील एक स्तंभ पालकांनी सांगितलेल्या कामाच्या आठवणींचा असावा.

ग्रंथालयांविषयी थोडक्यात. ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामकऱ्यांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. उपनगरांत विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आणि मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ ह्यांची ग्रंथालये नावाजलेली आहेत. पण प्रशिक्षणार्थी तेथे आपण होऊन जात नाही. आणि गेलाच, तर त्याच्या व्यवसायावरील मराठी पुस्तक तेथे मिळणे कठीण.

ह्या सूचनेत एक खरी अडचण आहे, ती भाषेची. घाटकोपर व मुलुंड येथे गुजराती आणि कच्छी, अंधेरीस हिंदी व उर्दू बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत. मुलगा मराठी शाळेतून आला आणि आई भोजपुरीच जाणते, अशीही कुटुंबे आहेत. मोठ्याने वाचल्यावर तेथे अर्थ घरच्या भाषेत सांगावा लागेल. हे ओझे मानण्याचे कारण नाही. अर्थ सांगताना मजकूर दुसऱ्यांदा वाचला जातो. तरी मुलाचा वेळ त्यात जाईल, आणि थकून आलेल्या आईचाही, हे नाकारता येणार नाही.

विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्या प्रश्नावर काम करावयाचे असेल, तर ‘आपण महिन्यास किती पुस्तके वाचता’ ह्या प्रश्नाने आरंभ होणारी प्रश्नावली त्यांनी बाजूस ठेवावी. त्या प्रश्नास शून्य हे उत्तर येईल आणि अभ्यास तेथेच संपेल. त्याऐवजी पाच-सहा घरांशी ओळख करून घ्यावी, तीही रविवारी किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी, पालकाच्या सवडीने. घरात कोणता कागद येतो, तो कोण वाचतो, कोणास वाचून दाखवितो, अडल्यावर कोणास विचारतो, एवढे आठ-दहा आठवडे टिपून ठेवावे. विजेचे देयक, गावाकडची लग्नपत्रिका, गृहनिर्माण संस्थेची नोटीस, मोबाइलवर आलेला लांब मजकूर ह्यांतील काहीही वगळू नये. मुलगी वीजतंत्रीचा वा संगणकाचा व्यवसाय शिकत असेल, तर तिच्या घरी हा प्रश्न आईस आणि वडिलांस वेगवेगळा विचारावा. उत्तरे बहुधा जुळणार नाहीत, आणि न जुळण्याचे कारणही टिपणात यावे.