एका इंचात अडीच एकर

नवेगावबांधच्या तलावात मालडोंगरी नावाचं एक बेट आहे. भोवती सात बहिणींचे डोंगर, त्यांच्यामधल्या खिंडी बुजवून घातलेली पार, म्हणजे तलावाचा बांध, आणि अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं पाणी. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असं परंपरा सांगते आणि गॅझेटिअरही तेच म्हणतं. कोलू पाटील आज कोलासूर देव म्हणून पुजले जातात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मांडणीत हा परिसर 64 डी या पत्रकात येतो आणि गोंदिया शहर त्याच्या लगेच वरच्या 64 सी मध्ये. ही दोन पत्रकं आणि गावोगावचे महसुली बंदोबस्ताचे नकाशे शेजारी ठेवले की गोंदिया जिल्ह्याच्या पाण्याचा दीडशे वर्षांचा हिशेब समोर येतो. तो हिशेब वाचायला आपण शिकलो नाही, ही माझी खंत आहे.

बेटांच्या आणि बंदरांच्या जुन्या नकाशांचा विषय निघाला की जगभरचे संग्राहक इटलीकडे वळतात, आणि ते रास्तच आहे. 1420 च्या सुमारास क्रिस्तोफोरो बुऑन्देलमोंती हा फ्लॉरेन्सचा धर्मगुरू एजियन समुद्रातली बेटं हिंडला आणि एकेका बेटाचं चित्र व वर्णन देणारं पुस्तक त्याने रचलं. 1528 मध्ये व्हेनिसला बेनेदेत्तो बोर्दोनेचा जगभरच्या बेटांचा ग्रंथ छापून निघाला. पुढे 1572 ते 1617 या काळात ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी जर्मनीतल्या कोलोनहून शहरांच्या चित्रनकाशांचे सहा खंड काढले. सिसिलीतली मेसिना आणि पालेर्मो ही बंदरं त्यात आहेत, आणि आपलं गोवा आणि दीवसुद्धा आहे. उंचावरून पाहावं तसं शहर, तट-बुरूज, बंदरात उभी गलबतं, कोपऱ्यात त्या त्या मुलखाच्या पेहरावातली माणसं. आज अशा खंडांची पानं सुटी करून, चौकटीत बसवून विकली जातात.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो तुर्की दर्यावर्दी पिरी रईस. 1521 मध्ये त्याने भूमध्य समुद्राचा मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला. सिसिली आणि दक्षिण इटलीचा किनारा त्यात तपशिलाने आहे. नांगर कुठे टाकावा, खडक कुठे लपले आहेत आणि किनाऱ्यावर गोडं पाणी कुठे मिळेल, हे तो सांगतो. आमच्या धानाच्या मुलखात नकाशाकडून हेच हवं असतं: पाणी कुठे अडलं आहे, किती आहे आणि कोणाच्या बांधीत उतरतं.

हा मुलूख मात्र कागदावर फार उशिरा आला. जेम्स रेनेलचा हिंदुस्थानचा प्रसिद्ध नकाशा 1782 चा. त्यात बंगाल आणि गंगेचं खोरं गच्च भरलेलं आहे, गोंडवनाच्या बाजूला मात्र नावं विरळ होत जातात. त्याचं कारण सरळ आहे. इथे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं आणि कंपनीच्या मोजणीदारांना मुक्त संचार नव्हता. 1795 मध्ये जेम्स ब्लंट नावाचा अधिकारी चुनारहून निघून रतनपूर, कांकेर, वैरागड असा आपल्या पूर्वेकडून खाली उतरत गेला. त्याची वाटेवरची टिपणं मोलाची ठरली. पण अशा नकाशात दिसते ती वाटेच्या दोन्ही हातांची पट्टी, त्यापलीकडचं गाव ऐकीव.

खरी मोजणी दक्षिणेकडून चढत आली. विल्यम लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांचं जाळं उत्तरेकडे विणत आणलं. अर्धा टन वजनाचं कोनमापक यंत्र गोपुरांवर आणि टेकड्यांवर चढवून दूरच्या खुणांचे कोन घ्यायचे, असा तो उद्योग. लॅम्ब्टन 20 जानेवारी 1823 रोजी आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला वारला. त्याची समाधी तिथे आहे आणि तिची आठवण विदर्भाने अधिक जपायला हवी. त्याच्या जाळ्यामुळे पुढे कोणत्याही गावाची जागा पृथ्वीच्या गोलावर पक्की करता आली.

1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि भंडारा जिल्ह्यात जमीन महसुलाचा बंदोबस्त सुरू झाला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. तो वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. बंदोबस्ताने मालगुजाराला गावाचा मालक ठरवलं, रयतेचे हक्क नोंदवले आणि प्रत्येक मौज्याचा नकाशा काढायला लावला. हेच आपले खरे जुने नकाशे.

या नकाशाचं माप सोळा इंचाला एक मैल. म्हणजे एक इंच 330 फुटांचा. मोजणीची साखळी, जिला पटवारी जरीब म्हणत, 66 फुटांची, तेव्हा इंचात बरोबर पाच साखळ्या बसतात. हिशेब आणखी पुढे नेला तर कागदावरचा एक चौरस इंच म्हणजे जमिनीवरचे अडीच एकर होतात. पंचवीस एकरांचा तलाव या नकाशावर दहा चौरस इंच जागा घेतो. पट्टी आणि पेन्सिल हाताशी असेल तर दहावीतली मुलगीसुद्धा गावच्या तलावाचं मूळ क्षेत्र अर्ध्या तासात काढू शकेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कामाची रीत अशी होती: मोजणी खात्याचे लोक गावाच्या हद्दीवरचे कोन आणि अंतरं मोजून सांगाडा ठरवत, आणि आतली शेतं पटवारी जरीब व प्लेन टेबल घेऊन भरत. नकाशावर नाव इंग्रज अधिकाऱ्याचं राहिलं तरी आतली प्रत्येक रेघ चिखलातून फिरलेल्या पटवाऱ्याने आणि त्याची साखळी ओढणाऱ्या गावकऱ्याने घातली आहे. या माणसांची नावं कुठे छापली गेली नाहीत. पण धुऱ्याचा बारीकसा बाक, नाल्याने घेतलेलं वळण, गुरं पाण्यावर नेण्याची चिंचोळी वाट हे सगळं त्यांनीच टिपलं.

असा नकाशा पुढ्यात घेऊन आधी तलावाचा नंबर शोधावा. शेतांना असतो तसा तलावालाही स्वतःचा खसरा नंबर आहे. पाण्याच्या एका कडेला पारीची रेघ दिसते. तिच्या खालच्या अंगाला तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, आणि तिथून निघालेल्या नहरा बांध्यांमध्ये पसरत जातात. वरच्या अंगाला तलावात उतरणारे नाले. हा वरचा भाग लोक सहसा पाहत नाहीत, आणि तलाव मरतो तो तिथूनच. येव्याच्या, म्हणजे पाणी आणणाऱ्या, नाल्यावर कोणी बांध घातला, कोणी रस्ता काढला, की पार शाबूत असूनही तलाव भरत नाही. नकाशा शंभर वर्षांपूर्वीचा नाला दाखवतो, म्हणून दुखणं कुठे आहे ते सापडतं. बोड्या, म्हणजे छोटी तळी, त्याही त्यात आहेत. आज सपाट दिसणाऱ्या कित्येक जागी नकाशात बोडी निघते.

नकाशाच्या मर्यादाही ओळखून असावं. रेघ इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकी जाड असली तरी जमिनीवर ती साडेसहा फुटांची होते. कागद दमट हवेने फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, झेरॉक्सची झेरॉक्स काढताना माप बिघडतं. त्यामुळे हातभर जागेचं भांडण या नकाशावर सुटत नाही. तलावाची एकर-दोन एकर जागा गेली असेल तर मात्र ते लपत नाही.

सर्वेक्षण विभागाची पत्रकं दुसऱ्या तऱ्हेने बोलतात. विसाव्या शतकाच्या आरंभी एक इंचाला एक मैल या मापाची रंगीत मालिका सुरू झाली, पुढे 1:50,000 माप आलं. पाणी निळं, जंगल हिरवं, शेती पिवळी, उंचीच्या रेषा तपकिरी. तलावाच्या पारीजवळ बारीक आकडा आणि त्यापुढे इंग्रजी आर हे अक्षर दिसलं तर ती पारीची आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची समजावी. गोंदिया-भंडाऱ्याचं पत्रक निळ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. दोन काळांची पत्रकं जुळवली की फरक लगेच कळतो. बोदलकसा 1917 चा, चोरखमारा 1923 चा. त्याआधीच्या मोजणीत तिथे नाले आणि रान. इटियाडोहच्या पाण्याखाली गेलेलं गाढवी नदीचं पात्रही जुन्या पत्रकावरच पाहायला मिळतं. गोंदिया शहराचंही तसंच. 1880 च्या दशकात रेल्वे आली, पुढे जबलपूर आणि नागभीडकडे लहान रूळ गेले आणि एका खेड्याचं जंक्शन झालं. शहराची ती वाढ नझूलच्या शीटांवर प्लॉट नंबरांनी नोंदलेली आहे.

1951 मध्ये मालगुजारी संपली. पूर्व विदर्भातले साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, सरकारकडे आले. मालगुजारी जाणं न्यायाचंच होतं. पण तिच्याबरोबर दरवर्षी गाळ काढायची, पारीवर माती टाकायची, पाण्याची पाळी लावायची गावाची घडीही विस्कटली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि पाणी कोणाचं हे गावाला सांगता येईना. पाणी आटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर धान लागलं, मग धुरा पडला, मग कुंपण आलं. हे थांबवायला साक्षीदार लागतो आणि तो म्हातारा नकाशाच आहे.

जुन्या नोंदींचं वजन आजही किती आहे ते झुडपी जंगलाच्या प्रकरणात दिसलं. महसुली दप्तरात लिहिलेल्या या दोन शब्दांवर विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची सुमारे 86 हजार हेक्टर जमीन अडून होती. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचा निर्णय दिला. वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करणाऱ्या गावांनाही जुने नकाशे आणि बंदोबस्ताचे अहवाल पुरावा म्हणून जोडता येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161 मधलं निस्तारपत्रक आणि कलम 165 मधलं वाजिब-उल-अर्ज ही त्याच घराण्यातली कागदपत्रं. चराई, सरपण, पाणी, रस्ता यांवर गावाचा काय हक्क आणि काय रिवाज, ते त्यात लिहिलेलं असतं. नकाशा आणि ही दोन दप्तरं एकत्र वाचली तरच गाव पुरतं कळतं.

इटलीच्या नकाशांना गिऱ्हाईक आहे, म्हणून ते जपले गेले. गोंदियाच्या मौज्याच्या नकाशाला बाजारात किंमत नाही. त्याला जपणारं दुसरं कोणी नाही, गावच आहे. राज्य सरकारच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गावनकाशे पाहता येतात आणि सर्वेक्षण विभागाने 2017 पासून 1:50,000 ची पत्रकं मोफत खुली केली आहेत. पण संगणकावर दिसतो तो आजच्या हद्दींचा नकाशा. जुना हवा असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून बंदोबस्ताच्या नकाशाची प्रमाणित प्रत मागावी लागते. ती ग्रामसभेने मागावी, एकट्यादुकट्याने नव्हे. तलावाचा नंबर, क्षेत्र आणि येव्याचे नाले ठरावात लिहून घ्यावेत आणि प्रत पंचायतीच्या भिंतीवर लावावी.

एक विनंती जुन्या मालगुजारांच्या आणि पटवाऱ्यांच्या घरातल्या वारसांना. माळ्यावर, पेटीत कापडावर चिकटवलेला एखादा नकाशा असेल तर तो घडी घालून ठेवू नका, गुंडाळून ठेवा. लॅमिनेशन मुळीच करू नका, त्याने कागद कायमचा जातो. दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून त्याचा सरळ वरून फोटो काढा आणि एक प्रत गावच्या शाळेला द्या. हे या उन्हाळ्यात, तलावाचा तळ उघडा दिसतो आहे तोवरच करा.