चुकीच्या रंगाचा उंट

पांढऱ्याकडे राजा, पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट आणि एच पट्टीतले एक प्यादे. काळ्याकडे नुसता राजा, पण तो एच८च्या कोपऱ्यात जाऊन बसलेला. मोहरे मोजले तर पांढरा जवळजवळ चार प्याद्यांनी पुढे आहे. तरीही डाव बरोबरीचा. एच८ हे घर काळे, त्यामुळे या उंटाचा तिथे कधीच जोर पोचत नाही. काळ्या राजाला कोपऱ्यातून हुसकावता येत नाही, आणि फार आवळले तर शह नसताना त्याला चालच उरत नाही, तीही बरोबरीच. क्लबात जाणाऱ्या शाळकरी पोरांना हे पाठ असते. बुद्धिबळाच्या प्रोग्रामांना मात्र ते माणसांनी लिहून द्यावे लागले.

प्रोग्राम पुढच्या चाली पाहत जातो आणि जिथे थांबतो तिथल्या स्थितीला एक आकडा देतो. मारामारीच्या डावात ही रीत बिनतोड आहे. पण या शेवटात काही घडतच नाही. एकही प्यादे न हलता आणि काहीही मारले न जाता ५० चाली गेल्या की बरोबरी मागता येते. दोन्ही बाजू धरून त्या १०० खेळ्या होतात. प्रोग्राम त्याच्या कितीतरी अलीकडे थांबून मोहरे मोजतो आणि खूश होतो. खरे नुकसान त्याच्याही आधीचे. चार प्याद्यांच्या आमिषाने तो हातातला जिंकता येणारा डाव सोडून हत्तींची अदलाबदल करतो आणि खुशाल या कोपऱ्यात येऊन अडकतो.

स्टॉकफिश या प्रोग्रामने यावर काय केले ते पाहता येते, कारण त्याचा कोड सर्वांना खुला आहे. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या प्रोग्रामवरून २००८ मध्ये तो उभा राहिला. त्यात शेवटांसाठी वेगळी फाइलच होती. एकीकडे राजा, उंट आणि प्यादी, दुसरीकडे राजा उरला, की एक छोटे फंक्शन जागे व्हायचे: सगळी प्यादी कडेच्या एकाच पट्टीत आहेत का? ज्या घरात वजीर व्हायचा ते उंटाच्या विरुद्ध रंगाचे आहे का? समोरचा राजा तिथे पोचतो का? उत्तरे जुळली की आघाडी शून्याने गुणली जाई. बी आणि जी पट्ट्यांसाठीही असाच पोटनियम होता, कारण सातव्या ओळीत अडलेले प्यादे तिथेही घात करते. अनुभवी खेळाडूच्या वहीतली टिपणेच ही. मला तो कोड वाचताना एखाद्या जुन्या प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो.

दोन्हीकडे उंट असून ते वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर असतील, तर काम आणखी नाजूक. ते एकमेकांना कधी भेटतच नाहीत. एक-दोन प्यादी जास्त असूनही असे डाव सर्रास बरोबरीत सुटतात. त्यासाठी स्टॉकफिशमध्ये गुणक होता. एरवी तो ६४ पैकी ६४. फक्त असे दोन उंट आणि प्यादी उरली असतील, तर काही आवृत्त्यांत तो १८ धरत आणि वरचढ बाजूच्या प्रत्येक मोकळ्या प्याद्यामागे ४ वाढवत. दोन मोकळी प्यादी असली तर ६४ पैकी २६, म्हणजे दोन प्याद्यांची आघाडी साधारण ०.८ वर येई. अंदाज म्हणून ठीक आहे. पण ती दोन प्यादी शेजारी आहेत की पटाच्या दोन टोकांना, हे त्या गुणकाला विचारता येत नाही, आणि पुष्कळदा निकाल नेमका त्यावरच ठरतो.

१९९८ ची लिनारेसची स्पर्धा घ्या. टोपालोव्हविरुद्ध शिरोव्ह काळ्या बाजूने खेळत होता, उंट विरुद्ध रंगांचे होते. ४७व्या चालीला शिरोव्हने आपला उंट एच३ वर नेऊन सरळ मारायला दिला. बदल्यात त्याला मिळाली एक चाल. राजा वेळेत ई४ ला पोचला. मग डी पट्टीतले प्यादे डी४ ला सरकून पांढऱ्या उंटाच्या लांब कर्णात आडवे उभे राहिले आणि ए४ वरच्या प्याद्याला रोखायला त्या उंटाला दुसरी वाट शोधावी लागली. टोपालोव्ह हरला. त्या काळचे प्रोग्राम या चालीपाशी अडत, कारण एक उंट कमी झालेला आकडा पाहून ते ती वाट लवकरच सोडून देत.

जिथे मोहरे थोडे, तिथे शेवटांच्या कोष्टकांमुळे अंदाजाची गरजच उरली नाही. मातेच्या स्थितीपासून उलटे मागे येत प्रत्येक मांडणीचा निकाल लिहून ठेवायचा, अशी ही कोष्टके असतात. १८५१ मध्ये क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी दोन उंटांविरुद्ध एकट्या घोड्याचा एक बचाव अभेद्य मानला होता. केन थॉम्पसन यांच्या कोष्टकाने १९८३ मध्ये तो मोडीत काढला. उंट जिंकतात, जास्तीत जास्त ६६ चालींत. माणसांची वहीही चुकते ती अशी. रोनाल्ड डी मान यांची सिझिजी कोष्टके २०१८ मध्ये सात मोहऱ्यांपर्यंत पोचली, राजे आणि प्यादी धरून. पण त्यांचा पसारा साधारण १८ टेराबाइटचा. तुमच्या मोबाइलमधल्या प्रोग्रामकडे ती नसतात.

२०२०च्या सप्टेंबरमध्ये स्टॉकफिश १२ ने न्यूरल नेटवर्क घेतले आणि २०२३ मध्ये हाताने लिहिलेले मूल्यमापन काढूनच टाकण्यात आले. चुकीच्या कोपऱ्याची ती फाइलही गेली. आता कोपरा ओळखायचा तो असंख्य स्थितींवर घडलेल्या नेटवर्कने, आणि त्याला नियम विचारला तर सांगता येणार नाही. आकड्याचा अर्थही बदलला: २०२२ च्या १५.१ आवृत्तीपासून +१ म्हणजे एका प्याद्याची आघाडी नव्हे, तर जिंकण्याची निम्मी शक्यता. पडद्यावरचा आकडा जुन्या सवयीने वाचणारे इथे हमखास फसतात.

तटबंदी, म्हणजे मोहरे कमी असूनही फोडता न येणारा बचाव, ही मात्र सगळ्याच प्रोग्रामांची दुखरी नस. २०१७ मध्ये पेनरोज इन्स्टिट्यूटने एक मांडणी प्रसिद्ध केली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. पण तिन्ही उंट काळ्या घरांवरचे आणि पांढरी चारही प्यादी पांढऱ्या घरांवर, तेव्हा उंट त्यांच्या वाटेला जाऊ शकत नाहीत. वजीर आणि हत्ती प्याद्यांमागे कोंडलेले. पांढऱ्याने हत्ती मारायचा मोह टाळून राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवला की झाले. त्या काळचे प्रोग्राम काळा सहज जिंकतो असे दाखवत.

स्टॉकफिशमध्ये यावर एक ओबडधोबड तोड आहे, आणि मला ती आवडते. प्यादे न हलता, काही न मारता चाली जात राहिल्या, की तो आपला आकडा थोडाथोडा उतरवत नेतो. तटबंदी त्याला समजलेली नसते. नुसता वेळ चाललाय, एवढेच त्याच्या लक्षात आलेले असते.