हृदयात शिरलेलं बोट

शेजारच्या मित्राच्या छातीला कान लावून बघा बरं! लब-डब, लब-डब... हा आवाज कसला? हृदयाच्या झडपा मिटल्याचा. अशा चार झडपा असतात. रक्त पुढं सोडायचं, मागं येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवेला करतो ना, तसंच. दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा!

माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दर एकवीस दिवसांनी गैरहजर असायची. एकदा मी रागावलेच. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. ‘‘बाई, तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं हो.’’ आधी तिचा घसा दुखला होता, तो अंगावर काढला. मग ताप आला, गुडघे-घोटे सुजले. याला डॉक्टर ‘ऱ्हुमॅटिक ताप’ म्हणतात. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर चुकून आपल्याच झडपांवर हल्ला करतं. झडपेच्या पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात, नाहीतर धड मिटत नाहीत. मग जिना चढताना धाप लागते. हा ताप पुन्हा आला तर झडप आणखी बिघडते, म्हणून ती इंजेक्शनं, तीसुद्धा कित्येक वर्षं!

चिकटलेली झडप सोडवायची कशी? हृदयाला हात लावायचा नाही, असंच पूर्वी बहुतेक डॉक्टर मानत. पण १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सुटर या सर्जननं एका मुलीच्या हृदयाला छोटंसं छिद्र पाडलं आणि चक्क आपलं बोट आत घातलं. हृदय धडधडतच होतं! झडप कापायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण बोटाला कळलं, की रक्त उलटही येतंय. कापलं तर गळती वाढेल! म्हणून त्यांनी बोटानंच झडप सैल केली. मुलगी वाचली, पुढं काही वर्षं जगली. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, त्यानंतर या शस्त्रक्रियेसाठी एकाही डॉक्टरनं त्यांच्याकडे पेशंट पाठवला नाही. अशा शस्त्रक्रिया पुन्हा यशस्वी झाल्या त्या थेट १९४८ साली, अमेरिकेत. मधल्या तेवीस वर्षांत किती मुलं गेली असतील?

१९५३ साली जॉन गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्रानं पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे पुढं हृदय थांबवून, उघडून, डोळ्यांनी बघून काम करता येऊ लागलं. पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी तर झडप दुरुस्तीचं शास्त्रच उभं केलं. सैल झालेल्या झडपेभोवती कडं शिवायचं, फाटलेल्या पाकळीला ठिगळ लावायचं, अगदी शिंप्यासारखं! धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुरुस्त केलेल्या आपल्याच झडपेला सहसा ती लागत नाही. अर्थात, ऱ्हुमॅटिक तापानं फारच आखडलेली झडप पुष्कळदा बदलावीच लागते.

आईबाबांनो, घसा दुखून ताप आला तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. औषध दिलं, तर बरं वाटलं तरी मधेच थांबवू नका.

सुटरांची गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा ती मुलगी स्वतःच्या बोटाकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘बाई, त्या मुलीला तेव्हा इंजेक्शन नव्हतं का?’’ नव्हतं. पेनिसिलिनचा शोधच मुळी १९२८चा!