घरापेक्षा मोठं, गावापेक्षा लहान

2 ऑक्टोबरला ग्रामसभा ठेवायची असं ज्यांनी कुणी ठरवलं, त्यांनी वाशिम जिल्ह्यातलं सोयाबीन पाहिलेलं नसावं. जूनच्या अखेरीला पेरलेलं पीक दसऱ्याच्या आगेमागे सोंगणीला येतं. पानं गळालेली, शेंगा वाळून खुळखुळणाऱ्या आणि वर आभाळात ढग. एक पाऊस आला की दाण्याला कोंब फुटतात. त्या दिवसांत गावात माणूस सापडत नाही. गुत्त्यानं सोंगणी घेतलेल्या टोळ्या पहाटेच शेतात गेलेल्या असतात आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सचिव, सरपंचबाई, त्यांचे यजमान, शिपाई आणि पगाराविना पुढारपण करणारी चार-सहा माणसं खुर्च्या मांडून वाट पाहत असतात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 सालचा. त्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर असल्याशिवाय सभा चालवता येत नाही. संख्या भरली नाही की सभा तहकूब करायची. तहकूब झालेली सभा पुन्हा घेताना मात्र ही अट राहत नाही. या वाटेनं गावाचा वर्षभराचा आराखडा वीस-पंचवीस सह्यांवर मंजूर होतो, आणि ते पूर्ण कायदेशीर असतं. बाकीच्या पारंपरिक तारखाही अशाच. 15 ऑगस्टला निंदण आणि फवारणी, 26 जानेवारीला तूर-हरभरा, 1 मेला लग्नं आणि डोकं भाजून काढणारं ऊन.

म्हणून गावाचा कारभार कुठे बोलला जातो हे पाहायचं तर ग्रामसभेच्या दिवशी जाण्यात फारसा अर्थ नाही. स्वयंपाक उरकल्यावर, रात्री साडेआठच्या पुढे बायकांच्या बचत गटाच्या बैठकीला जावं. मंगरुळपीर तालुक्यातल्या ज्या गावात मी अशा बैठकांना बसलो त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण बायका माझ्यासमोर कर्जाबद्दल मोकळेपणानं बोलल्या. गाव दोन हजार वस्तीच्या थोडं वरचं. 1,501 ते 3,000 लोकसंख्येला नऊ सदस्य, या नियमानं ग्रामपंचायतीत नऊ जण आणि तीन वॉर्ड. कागदावर गावाची वाटणी एवढीच. लोकांच्या तोंडी मात्र सहा-सात वेटाळं, म्हणजे वस्त्या, आहेत. मारुतीजवळचं, शाळेमागचं, माळ्यांचं, बुद्धविहाराकडचं, टाकीखालचं, शिवाय रस्त्यापलीकडे घरकुलांची नवी ओळ. वॉर्डाची हद्द टाकीखालच्या वेटाळाच्या मधोमध गेली आहे. समोरासमोरच्या दोन ओसऱ्या दोन वेगळ्या वॉर्डांत. मतांची संख्या जुळवायची तर रेघ कुठेतरी ओढावी लागतेच, त्यात कुणाचा दोष नाही. पण नाली तुंबली की ती दोन्ही ओसऱ्यांपुढे तुंबते, आणि सदस्य मात्र एकमेकांकडे बोट दाखवतात.

या वेटाळांना पहिल्यांदा कुणी गंभीरपणे मोजलं असेल तर ते वर्धिनींनी. ‘उमेद’, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, 2011 पासून राज्यात सुरू आहे. वर्धिनी म्हणजे दुसऱ्या गावात स्वतःचा बचत गट चालवून अनुभव घेतलेल्या बायका. त्या पथकानं येतात, पंधरवडाभर गावातच मुक्काम करतात आणि दारोदार फिरतात. समाजमंदिरासमोर बायकांना रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला बसवतात. मारुती कुठे, विहीर कुठे, हापसी कुठे, हे मिनिटभरात ठरतं. खरी मजा घरं मांडताना येते. हळदीचा ठिपका म्हणजे पक्कं घर, कुंकवाचा म्हणजे भूमिहीन, असं काही ठरवलं की वाद सुरू होतो. “तिचा पोरगा पुण्याले कंपनीत हाय, ती गरीब कशी?” यावर दुसरी म्हणते, “पोरगा हाय, पैसे कुठी धाडते?” कुठल्याही सर्वेक्षणाच्या यादीत न सापडणारी माहिती अशी भांडणातून वर येते. पुस्तकी भाषेत याला सहभागातून गरिबांची ओळख म्हणतात.

गट दहा ते वीस जणींचा. घरं जवळ हवीत, एकमेकींची नड माहीत हवी, हाक मारली तर ऐकू जावी. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघी निवडायच्या आणि नाव ठेवायचं. नावांवरून वेटाळ ओळखता येतं. रमाई म्हटलं की बुद्धविहाराकडचा, सावित्री म्हटलं की बहुधा माळ्यांचा. जिजाऊ आणि अहिल्या कुठे असतील हे जिल्ह्यातला माणूस न विचारता सांगेल.

बैठक म्हणजे काय, ते एकदा नीट पाहिलं पाहिजे. भजनी मंडळाची सतरंजी मागून आणलेली. बायका गोल बसतात, कारण रांगेत बसलं की पुढच्या दोघीच बोलतात. आधी प्रार्थना, मग हजेरी, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवायचं. त्यानंतर पैसे. प्रत्येकीनं बचतीची रक्कम सगळ्यांसमोर सतरंजीवर ठेवायची, मुठीत देऊन चालत नाही. कोषाध्यक्ष मोजते, सचिव लिहिते आणि आकडा मोठ्यानं बोलते. मग कर्जाची मागणी. एकीला पोराच्या वसतिगृहासाठी तीन हजार हवे होते, दुसरीला खतासाठी पाच. पेटीत तेवढे नव्हते. इथं कुणी नियमपुस्तक काढलं नाही. वसतिगृहाची तारीख बुधवारची आणि खत आठवड्यानं घेतलं तरी चालतं, एवढ्यावर निकाल लागला. व्याज शेकडा दोन. बाहेर सावकार शेकडा पाचनं देतो, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही.

या अभियानाच्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं अशी रोकड आहेत: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. पुढच्या पाचांत आरोग्य, शिक्षण, पंचायतराज संस्थांमधला सहभाग वगैरे येतं. मला वाटतं, क्रम हाच बरोबर आहे. आधी पैसा, मग पंचायत. गावात समित्यांची वाण नाही. शाळा व्यवस्थापन समिती, तंटामुक्त समिती, पाणीपुरवठा व स्वच्छतेची समिती, कृषी विकास समिती, जैवविविधता समिती, बाल संरक्षण समिती. त्यातल्या अर्ध्याअधिक समित्यांत तीच चार नावं फिरतात, आणि एका गृहस्थांना आपण जैवविविधतेत आहोत हे मी विचारल्यावर कळलं. समितीत न गेल्यानं कुणाचं काही अडत नाही. गटाच्या बैठकीला न गेलेलीचा मात्र हप्ता थकतो आणि दुसऱ्या दिवशी हापशीवर तिला सगळ्या विचारतात.

गट मिळून ग्रामसंघ होतो आणि ग्रामसंघांचा वर प्रभागसंघ. ग्रामसंघात प्रत्येक गटाच्या प्रतिनिधी बसतात. गावचा गरिबी निर्मूलन आराखडा इथंच तयार होतो. हल्ली त्याच्या नावात समृद्धी आणि लवचिकता आली आहे, बायका मात्र त्याला नुसतं ‘मागणीचा फारम’ म्हणतात. गटागटांतून चार प्रकारच्या मागण्या गोळा होतात. कुणाला निराधार पेन्शन, जॉबकार्ड, घरकुल मिळायचं आहे. कुणाला शेळ्या, शिलाई मशीन, प्रशिक्षण हवं आहे. नाली, पथदिवा, स्मशानभूमीचा रस्ता अशा सार्वजनिक गोष्टी तिसऱ्या, आणि दारू, बालविवाह, शाळागळती हे चौथ्या प्रकारात. समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे गावच्या भाषेत सीआरपी ताई, ते मोबाइलवर भरते. नेटवर्कसाठी तिला टाकीच्या जिन्यावर चढावं लागतं. मग तो आराखडा महिला सभेत आणि ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जाणं अपेक्षित आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारकच आहे.

इथवर साखळी छान जुळलेली दिसते. ग्रामपंचायतीच्या सचिवांच्या टेबलापाशी ती अडते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला, 40 टक्के मोकळा. मोकळ्या भागावर सगळ्यांचा डोळा. स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, पण घरपट्टी वसूल होत नाही त्या गावात दहा टक्के म्हणजे किती? गटांनी मागितलेल्या नाल्या स्वच्छतेच्या बांधील निधीत बसू शकतात, हे बुद्धविहाराकडच्या एका गटाच्या सचिवेनं शोधून काढलं होतं. बारावी शिकलेली, तिशीतली बाई. तिनं महिला सभेत उभं राहून विचारलं, “बांधील पैशातून आमची नाली काहून होत नाही?” सचिवांनी वही उलटली, पालटली आणि नाव लिहून घेतलं. या नोकरीचं नाव 2024 साली ग्रामपंचायत अधिकारी झालं, वही तीच राहिली.

आता यात वॉर्ड कुठे आहे? जवळजवळ कुठेच नाही. उमेदची उतरंड गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी आहे. पंचायतीची वॉर्ड, ग्रामपंचायत, पंचायत समिती अशी. दोन्ही एकाच गल्लीतून जातात आणि एकमेकींना नमस्कारही करत नाहीत. केरळात 1998 मध्ये कुटुंबश्री सुरू झाली तेव्हा त्यांनी शेजारगट वॉर्डाच्या पातळीवर एकत्र बांधले आणि तिथून पंचायतीच्या पातळीवर नेले. तिथली पंचायत आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी, एकेक वॉर्ड आपल्या गावाएवढा, त्यामुळे ते जमलं असं म्हणता येईल. पण जोड देण्याचा निर्णय तरी झाला होता. गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. वाशिम अनुसूचित क्षेत्र नाही. 2018 साली निती आयोगानं महाराष्ट्रातले चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत गडचिरोली आणि वाशिम दोन्ही आहेत. एकीकडे पाड्याला कायद्यात जागा आहे, दुसरीकडे वेटाळाला नाही.

मानोऱ्याकडे गेलं की चित्र थोडं बदलतं. पोहरादेवीचा हा मुलूख, इथं बंजारा तांडे आहेत. तांडा कुणाला बांधावा लागत नाही, तो बांधलेलाच असतो. नायक आणि कारभारी ही पदं पंचायतराजपेक्षा फार जुनी. सांगावा गेला की अर्ध्या तासात माणसं जमतात. गट स्थापन करणाऱ्यांना असा तांडा सोपा वाटतो. अडचणी दोन. अनेक गावांची मिळून एकच ‘गट ग्रामपंचायत’ असेल तर कार्यालय दुसऱ्या गावात, तांड्याचे सदस्य थोडे, आणि पाइपलाइन शेवटी येते. दुसरी अडचण म्हणजे दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात आणि गटाच्या वहीतली चार-पाच महिन्यांची पानं अर्धवट भरतात. त्यातच आराखड्याचे महिने येतात. एका तांड्यात बायकांनी यावर उपाय काढला होता. जाणाऱ्या जणी आपापली मागणी आधीच लिहून, अंगठा-सही करून, मागं राहणाऱ्या म्हातारीजवळ ठेवून जातात. कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत हे नसेल.

गटांबद्दल चांगलं लिहिताना एक गोष्ट टाळली जाते, ती लिहायला हवी. जवळची घरं म्हणजे आपल्याकडे एका जातीची घरं. शेजाराचं एकक बांधलं की ते बहुतेक वेळा जातीचंच एकक होतं. ग्रामसंघात सगळे गट एका सतरंजीवर येतात हे खरं, आणि चहा एकाच किटलीतून येतो हेही खरं. पण ग्रामसंघाची बैठक कुणाच्या ओसरीवर घ्यायची यावर ज्या गावात मी बसलो तिथं बराच वेळ गेला आणि शेवटी ती शाळेत ठरली. शाळा कुणाचीच नव्हती म्हणून ठरली. माझ्या मते हा तोडगा वाईट नाही, फक्त त्याला समरसता म्हणू नये.

दोन उतरंडी जिथं जुळतात तिथं त्या एखाद्या बाईत जुळतात. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा 2011 पासून आहेत. टाकीखालच्या वेटाळातून निवडून आलेली सदस्य स्वतः एका गटाची कोषाध्यक्ष आहे. तिचा नवरा मासिक सभेला यायचा. एकदा तिनं हिशोबाची वही घेऊन स्वतः जायला सुरुवात केली, कारण “मले बेरीज येते, याईले येत नाही.” वॉर्डाच्या रेघेपलीकडच्या गटाला ती आपल्या बैठकीला बोलावते. तिला त्यांची मतं मिळत नाहीत, दुसऱ्या वॉर्डाच्या सदस्याला ते आवडत नाही, आणि तो तसं बोलूनही दाखवतो.

मागच्या वेळी तिनं दोन्ही गटांची बैठक महिला सभेच्या आदल्या रात्री ठेवली. विषय एकच, टाकीखालची नाली. कुठून कुठवर, उतार कुणीकडे, शेवटी पाणी कुणाच्या वावराकडे निघणार आणि त्याला विचारलं का. वावरवाल्याची बायकोच गटात होती. ती म्हणाली, पाणी आलं तर येऊ द्या, पण प्लास्टिक येऊ देऊ नका, तोंडाशी जाळी लावा. जाळी इतिवृत्तात लिहिली गेली. कुणी किती बोलायचं तेही ठरलं: सदस्य बोलणार नाही, कारण ती पंचायतीची, दोन्ही गटांतून एकेक जण बोलेल. दुसऱ्या दिवशी सभा झाली, ठराव झाला, नाली आराखड्यात आली. अंदाजपत्रकासाठी अभियंते येऊन मोजून गेले. जाळी त्यांच्या कागदात नव्हती, म्हणून गटानं पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ती पहिल्या क्रमांकावर घातली आहे.