रमणे गेले, हरणं राहिली

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याहून जनावरं बघायला निघालेलं कुटुंब थेट ताडोब्याला जातं, फार तर मेळघाटला. आपल्याकडे काही नाहीच, असं त्यांचं म्हणणं, आणि कागदावर ते खरंही आहे. सुमारे 7,700 चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य नाही. वनाच्छादन जेमतेम एक टक्क्याच्या घरात. बियाणं, मोसंबी आणि लोखंडी सळई ही जालन्याची ओळख.

पण भारतीय पक्षिशास्त्राच्या जुन्या पानांत जालन्याचं नाव वेगळ्याच कारणाने येतं. 1830च्या दशकाच्या अखेरीस मद्रास घोडदळाच्या एका पलटणीबरोबर टॉमस जर्डन नावाचा डॉक्टर इथल्या छावणीत आला. याच काळात त्याने दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची यादी छापायला सुरुवात केली, आणि 1862 ते 1864 मध्ये त्याचा ‘बर्ड्‌स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ निघाला. पावसाळ्यात दख्खनच्या उंचसखल माळांवर पंचवीस-पंचवीस माळढोक एकत्र पाहिल्याचं त्यात आहे. सस्तन प्राण्यांवरच्या 1867च्या पुस्तकात, हजारांनी मोजावेत असे काळविटांचे कळप कुठे दिसत हे सांगताना तो जालन्याच्या परिसराचं नाव घेतो. आज जालना स्टेशनवर उतरून हे कुणाला सांगितलं तर तो आपल्याकडे नीट निरखून बघेल.

एवढी जनावरं कशाच्या बळावर जगत होती? उत्तराचा मोठा भाग गवतात आहे. जर्डन माळढोकाच्या संदर्भात ‘रमणा’ हा शब्द वापरतो. रमणा म्हणजे गवतासाठी राखलेलं कुरण. घोडदळाची छावणी म्हटली की वैरण आली, आणि वैरणीसाठी राखलेल्या माळावर पावसाळाभर ना नांगर फिरणार, ना गुरं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते; तणमोरही याच दिवसांत गवतात घरटं करतो. घोड्यांसाठीची राखण अशी पक्ष्यांच्या पथ्यावर पडत असणार, असं मला वाटतं. अर्थात त्याच छावण्यांतले साहेब बंदुकाही घेऊन हिंडत, हे विसरून चालणार नाही.

पुढे छावण्या गेल्या, घोडे गेले, रमणे नांगराखाली आले. जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गेला आणि अंबड, घनसावंगीकडे उसाचे फड उभे राहिले. जे गायरान उरलं ते सरकारी दप्तरात ‘पडीक’. गवताळ माळावर खड्डे खणून रोपं लावली की हरित काम झालं, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. माळाला झाडांची सावली म्हणजे उपकार नव्हे. उघड्यावर धावणाऱ्या, दुरून शत्रू हेरणाऱ्या जनावरांचं घर त्याने मोडतं.

माळढोक या फेऱ्यात टिकला नाही. देशभरातच आता त्याची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते, त्यातले बहुतेक राजस्थानात. काळवीट मात्र शेतात शिरलं. कोवळा हरभरा, सोयाबीन, तूर त्याला चालतं. म्हणून मराठवाड्यात हरणं बघायची तर तिकीट लागत नाही. खरीप निघून रब्बी उगवून आली की सकाळच्या उन्हात रस्त्याकडेच्या रानात नजर टाकावी. गाडीतून खाली उतरू नये. वाहनाला ती फारशी बुजत नाहीत, दोन पायांच्या माणसाला बुजतात. काळाभोर नर कळपापासून जरा बाजूला, आपल्या लेंड्यांच्या ठरलेल्या ढिगाजवळ उभा असतो. ही हद्दीची खूण. कळप उधळला की माद्या एकामागून एक उंच उसळ्या घेतात, आणि ते दृश्य जिप्सीतून पाहिलेल्या झोपाळू वाघापेक्षा मला कधीही सरस वाटतं.

हे बघणं ज्याला रोज घडतं, त्याच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक नसतं. हरणं, रोही आणि रानडुकरं यांच्यासाठी तो थंडीत माळ्यावर रात्र काढतो. बांधाला जुन्या साड्या बांधतो, फटाके वाजवतो, ऐपत असेल तर झटका मशीन बसवतो. जनावरांच्या वेळा, वाटा, पाणवठे यांची जितकी माहिती या राखणदाराकडे असते तितकी सफारीच्या गाइडकडेही क्वचित सापडेल. नुकसानभरपाईची सोय आहे, पण अर्ज आणि पंचनामा होईपर्यंत पेरणीचा हंगाम निघून जातो, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. हरणांचेही हाल आहेतच: कठडा नसलेल्या विहिरी, मोकाट कुत्री, आणि आता नवे रस्ते. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झालेला समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो.

यावर तोडगा म्हणून जालन्यात राष्ट्रीय उद्यान मागणं हास्यास्पद ठरेल. पण नाशिक जिल्ह्यात येवल्याजवळ ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झालं आहे. वन्यजीव कायद्यात 2002च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव अशी दोन दालनं उघडली. दुसऱ्यात गावाची किंवा खाजगी जमीनही मालकी न बदलता येऊ शकते. पुणे जिल्ह्यात 2023 पासून इंदापूर-बारामतीकडच्या माळांवर वनखात्याची गवताळ सफारी सुरू आहे. लोक पैसे देऊन लांडगा, खोकड, चिंकारा बघायला येतात. जालन्यात पहिलं काम त्याहून साधं आहे: अतिक्रमणातून वाचलेली गायरानं तालुकावार मोजायची, त्यांतल्या चार-दोन माळांवर पावसाळ्याचे चार महिने चराई बंद ठेवायची, आणि राखणदारीची मजुरी माळ्यावर बसणाऱ्या त्याच माणसाला द्यायची.