ट्रॉलीच्या कोपऱ्यात मावणारं घर

होस्टेलची रूम बदलताना आपली काय तारांबळ उडते! दोन बॅगा, गादी, बादली, इस्त्री आणि 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेला पसारा. दोन गल्ल्या पलीकडे जायचं असलं तरी टेम्पो लागतो आणि चार मित्र वडापावच्या बोलीवर राबवावे लागतात. आता कल्पना करा, अख्खं घर हलवायचंय. साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब, तेही पाच-सहा महिन्यांसाठी. सामानाला जागा किती? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा एक कोपरा. कारण त्याच ट्रॉलीत आणखी चार-पाच घरं बसायची आहेत.

दिवाळीच्या आगेमागे, थंडीची चाहूल लागली की, बीड जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या पाथर्डी-शेवगावसारख्या तालुक्यांतल्या गावागावांत हे 'शिफ्टिंग' सुरू होतं. ऊसतोड कामगारांची कुटुंबं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. परत यायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये.

जाताना सोबत काय घ्यायचं, याचा हिशोब घरातल्या बाईच्या डोक्यात पक्का असतो. बाजरी-ज्वारीची पोती, तिखट-मीठ, तवा, चार भांडी, पाण्याचा ड्रम, गोधड्या, ताडपत्री आणि कोयते. जमलं तर दोन कोंबड्या, एखादी शेळी. मागे काय राहतं? दाराला कुलूप, घर राखायला म्हातारे आजी-आजोबा आणि पुष्कळदा पोरांची शाळा.

'मग जायचंच कशाला?' असं कुणाला वाटेल. उत्तर एका शब्दात आहे: उचल. हंगामाआधीच मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते. कुणी ती दवाखान्यात घातलेली असते, कुणी लग्नात, कुणी जुनं देणं फेडण्यात. म्हणजे ट्रॉली दारात उभी राहते, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांची मजुरी बऱ्याच घरांत खर्चून झालेली असते. निघायची तारीख कामगार ठरवत नाही, मुकादमाचा निरोप ठरवतो. हिशोबही माणशी नसतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुलाचं लग्न लवकर उरकलं की घरात एक कोयता वाढतो. मागे ठेवलेल्या वयात आलेल्या मुलीची काळजी हे तिचं लग्न उरकण्याचं आणखी एक कारण. या पट्ट्यात बालविवाह का थांबत नाहीत, याचं एक उत्तर या गणितात आहे.

प्रवास बहुतेक रात्रीचा. ट्रॅक्टरचा वेग आपल्या बाइकच्या निम्माही नसतो, त्यामुळे पोचायला रात्र आणि पुढचा बराचसा दिवस जातो. सामानावर गोधड्या, गोधड्यांवर पोरं आणि वरून गार वारा. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असं सर्रास दिसतं. थंडीत रात्री हायवेने घरी जात असाल, तर एवढं लक्षात ठेवा: पुढच्या काळोखात ट्रॉली असू शकते आणि त्या ट्रॉलीत झोपलेलं घर असू शकतं. वेग कमी ठेवा. ओव्हरटेक करताना पुढे आणखी एक ट्रॉली जोडलेली नाही ना, तेही बघा.

पोचल्यावर तयार घर कुणी देत नाही. बांबू, चटया, ताडपत्री, उसाचं पाचट यांची कोपी उभी करायची. आत वाकून शिरायचं, दाराशी तीन दगडांची चूल. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या आणि फडात जायचं. डिसेंबर-जानेवारीत पाचट दवाने ओलं असतं. कपडे भिजतात, हात गारठतात आणि पात्याच्या धारेने कातडी चिरते. आजारी पडून कामाला दांडी झाली, तर तो 'खाडा'. त्याचे पैसे कापले जातात.

आता मुलांचं काय? पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालायच्या. आता गावातच मुलांना थांबवण्यासाठी हंगामी वसतिगृहं असतात आणि स्थलांतरित मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आणली: ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी एकेक, अशी ८२ वसतिगृहं. कागदावर सोय आहे. पण योजनेची माहिती ट्रॉली निघायच्या आधी घरापर्यंत पोचली नाही, तर आई-बाप मुलांना कुणाच्या भरवशावर ठेवणार? मग धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण सोबत जाते आणि तिची शाळा सहा महिने, कधी कायमची सुटते. त्यातून टिकून जी बारावीपर्यंत येते, तिची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. म्हणजे ऐन हंगामात, घरी कुणी नसताना.

हे सगळं तुम्हाला कशासाठी सांगायचं? कारण यातली काही मुलं-मुली तुमच्याच वर्गात आहेत. नोव्हेंबरपासून एखादी मैत्रीण दिसेनाशी झाली, तर 'सुटलं वाटतं तिचं कॉलेज' असं म्हणून मोकळं होऊ नका. फोन करा. नोट्सचे फोटो पाठवा, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख कळवा, हजेरीचं सरांशी बोला. तुमचं गाव त्या पट्ट्यातलं असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या दोन घरांना वसतिगृहाची माहिती द्या, अर्ज भरून द्या. तासाभराचं काम आहे, पण ते ट्रॉली भरायच्या आधी व्हायला हवं.

उचल, मुकादम, खाडा ही साखळी तुमच्या एका फोनने तुटणार नाही. मात्र त्या ट्रॉलीत एक पोरगी कमी बसली आणि मागे राहून पेपर द्यायला गेली, तर पुढे कधीतरी त्या घराचा एक कोयता कमी होईल.