विश्लेषण : लाकूड फोडणारी यंत्रे कुऱ्हाडीपेक्षा सुरक्षित आहेत का?

भलामोठा ओंडका लोखंडी पाचरीवर रेटला जातो आणि काही सेकंदांत त्याचे दोन तुकडे होतात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील अशा चित्रफिती मोबाइलवर हमखास दिसतात. तेथे अनेक घरे हिवाळ्यात लाकडाच्या शेगडीवर उबदार राहतात. हे सरपण फोडण्यासाठी हायड्रॉलिक स्प्लिटर आणि उचलण्यासाठी छोटा लोडर, अशी जोडी वापरली जाते. कष्ट त्यामुळे घटले, पण धोका संपला का?

लाकूड फोडावेच का लागते?

ताज्या तोडीच्या लाकडात भरपूर पाणी असते. ते तसेच जाळले तर उष्णतेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो. धूर वाढतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचतो. या थराने पेट घेतल्यास घराला आग लागू शकते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था जळणातील ओलावा २० टक्के किंवा त्याहून कमी असावा, असे सांगते. साल पाणी अडवून धरते. लाकूड फोडले की उघडा भाग वाढतो आणि ते लवकर वाळते. तरीही मऊ लाकडाला किमान ६ महिने आणि कठीण लाकडाला सुमारे १२ महिने लागतात.

स्प्लिटरमध्ये एवढा जोर येतो कुठून?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम येथे कामी येतो. इंजिन किंवा मोटर पंप चालवते आणि पंप तेल सिलिंडरमध्ये ढकलतो. समजा, सिलिंडरचा व्यास १० सेंटिमीटर आहे. त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २०० किलो असेल, तर पाचरीवर सुमारे साडेपंधरा टन जोर येतो. कुऱ्हाडीचा घाव गाठीत अडकतो. हा दट्ट्या मात्र लाकूड असो वा बोटे, सहसा अडत नाही.

मग लोडरची गरज काय?

खरे कष्ट फोडण्याइतकेच उचलण्यात असतात. ५० सेंटिमीटर जाड आणि ४० सेंटिमीटर लांबीचा ओल्या ओकचा एक तुकडा ७५ ते ८० किलोचा भरतो. अमेरिकेत सरपण ‘कॉर्ड’ या मापाने विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफुटांची ही रास असते. फटी वगळल्या तरी तिच्यात ओले लाकूड दोन टनांहून अधिक भरू शकते. हेच लाकूड झाडापासून अंगणात, अंगणातून यंत्रावर आणि तेथून राशीत असे पुन्हा पुन्हा उचलावे लागते.

हे काम जागच्या जागी वळणारा छोटा लोडर करतो. त्याचा जन्म मिनेसोटातील. टर्कीपालकाच्या कोठारातील अडचणीच्या जागेत साफसफाई करता यावी म्हणून केलर बंधूंनी १९५७ मध्ये असे पहिले यंत्र बनवले. पुढे त्यातूनच ‘बॉबकॅट’ लोडर घडला. बादलीऐवजी पंजा जोडला की तोच लोडर ओंडकेही उचलतो.

धोका नेमका कुठे?

पहिला धोका हातांना. एक जण ओंडका धरतो, दुसरा दांडा ओढतो आणि दोघांचा ताळमेळ चुकला की बोटे चिरडतात. म्हणून ओंडका ठेवणारा आणि दांडा चालवणारा माणूस एकच असावा, असा नियम आहे. युरोपातील ‘ईएन ६०९-१’ मानकानुसार पाचरीच्या स्प्लिटरला दोन्ही हातांनी चालवायची व्यवस्था लागते. एक हात सुटला की दट्ट्या थांबतो. कामाचा वेग वाढवण्यासाठी यातील एक दांडा बांधून ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

दुसरा धोका तेलाचा. नळीच्या बारीक छिद्रातून सुटलेली धार सुईसारखी त्वचेत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. त्यामुळे गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी.

तिसरा धोका लोडर उलटण्याचा. चाकांच्या अशा लोडरची अधिकृत क्षमता, तो ज्या वजनाला कलंडतो त्याच्या निम्मीच धरतात. ओल्या ओंडक्याचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून भार जमिनीलगत ठेवूनच चालावे आणि उचललेल्या पंजाखाली कोणी उभे राहू नये.

महाराष्ट्रात याचा उपयोग किती?

आपल्या वखारींमध्ये कुऱ्हाड, पाचर आणि घण ही ओळखीची हत्यारे. रोज मोठे बुंधे फोडणाऱ्या वखारीला स्प्लिटर उपयोगी पडू शकतो. बांधावरच्या बाभळीच्या फांद्यांसाठी तो परवडणारा नाही. त्यातच जळणाची मागणीही बदलते आहे. मुंबईतील लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा हरित इंधनाकडे वळावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी वखारदाराला हे गणित मांडावे लागेल.

यंत्र घ्यायचेच ठरले, तर जाहिरातीतील टनांचा आकडा नंतर पाहावा. दोन्ही हात गुंतवणारी दांड्याची व्यवस्था आहे का आणि एक हात सोडताच दट्ट्या खरोखर थांबतो का, हे आधी दुकानातच चालवून पाहावे. कारण वखारीत यंत्रावर उभा राहणारा बहुधा मालक नसतो, मजूर असतो. आणि त्याचे पोट हातांवरच असते.